नॉर्वे महाराष्ट्राएवढा, पाऊस मुंबईएवढा, मग फरक कुठे?

कांदिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या मुलाला नॉर्वेतल्या बर्गन शहरात नोकरी लागली आहे, ऑगस्टमध्ये निघायचं आहे आणि घरात तीन पक्ष पडले आहेत. यजमान जगाचा नकाशा दाखवून म्हणतात, "अर्ध्या भारताएवढा देश आहे, नुसतं रान, माणूस औषधालाही सापडायचा नाही." सासूबाईंच्या मते तिथे बारा महिने बर्फ. मुलगा म्हणतो, "आई, बर्गनला पाऊस मुंबईएवढाच पडतो, मला सवय आहे, काळजी करू नकोस." यात खरं कोण, असा ताईंचा प्रश्न आहे आणि आपल्या महाराष्ट्राशी तुलना करून सांगा, अशी विनंती.

कॉलेजात भूगोल शिकवण्यात आणि शालेय नकाशांची मुद्रितं तपासण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे असले प्रश्न आले की मी जरा लांबण लावतो. तरी आधी थोडक्यात सांगतो. यजमान आकाराबाबत साफ चुकले आहेत आणि माणसांबाबत निम्मे बरोबर. सासूबाई नॉर्वेच्या दुसऱ्या कुठल्या तरी भागाबद्दल बोलत आहेत. मुलाचा आकडा अचूक आहे, पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष धोक्याचा आहे.

आकारापासून सुरुवात करू, कारण ते पटकन उरकतं. भिंतीवरचा जो नकाशा यजमानांनी दाखवला, तो बहुतेक मर्केटरच्या पद्धतीचा असणार. गेरार्डस मर्केटरने १५६९ साली तो दर्यावर्दी लोकांसाठी काढला. होकायंत्राची एक दिशा धरून चाललेलं जहाज त्यावर सरळ रेषेत दाखवता येतं, ही त्याची खुबी. पण त्यासाठी ध्रुवांकडे जावं तसा प्रदेश ताणावा लागतो. मुंबईच्या १९ अंश अक्षांशावर हा ताण नगण्य असतो, क्षेत्रफळ जेमतेम १२ टक्के फुगतं. बर्गनच्या ६० अंशांवर ते चौपट होतं आणि ७० अंशांवर, म्हणजे नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळ, आठपटीहून जास्त. म्हणून नॉर्वे त्या नकाशावर भारताच्या निम्मा दिसतो. प्रत्यक्षात तो भारताच्या एक दशांश आहे.

नेमकं सांगायचं तर नॉर्वेची मुख्य भूमी सुमारे ३,२३,८०० चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्र ३,०७,७१३. म्हणजे दोघे जवळपास सारखेच. काही ठिकाणी तुम्हाला नॉर्वेचं क्षेत्रफळ ३,८५,००० दिसेल. ते स्वालबार्ड हा ध्रुवाजवळचा द्वीपसमूह धरून आहे. तिथे अडीच-तीन हजार माणसं राहतात आणि त्यांच्यापायी देशाचा आकार एकदम साठ हजारांनी वाढतो. तुलनेला मी तो धरत नाही.

क्षेत्रफळ सारखं असलं तरी आकृती अगदी निराळी. महाराष्ट्र आडवा पसरलेला त्रिकोण आहे, पूर्व-पश्चिम आठशे किलोमीटर, दक्षिणोत्तर सातशेच्या वर. नॉर्वे म्हणजे दक्षिणोत्तर सतराशे किलोमीटरची लांबट पट्टी, उत्तरेत एके ठिकाणी तर दहा किलोमीटरही रुंद नाही. म्हणून "नॉर्वेचं हवामान" असं एका दमात बोलताच येत नाही. दक्षिण टोक ५८ अंशांवर, उत्तर टोक ७१ वर. महाराष्ट्र सव्वासहा अंशांत आटपतो, तरी आपण चिपळूण आणि चंद्रपूर एका वाक्यात बसवत नाही.

किनाऱ्याची तुलना मात्र करू नका, कोणी आकडा फेकला तरी. आपला किनारा ७२० किलोमीटर असं आपण शाळेत शिकलो, आता नव्या मोजणीत तो सुमारे ८७८ झाला आहे. समुद्र वाढला नाही, फूटपट्टी बारीक झाली. खाड्यांची वळणं जितकी बारकाईने मोजाल तितकी लांबी वाढते. नॉर्वेत तर फियॉर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेले समुद्राचे अरुंद फाटे, शंभर-दोनशे किलोमीटर आत घुसलेले. तिथला किनारा ढोबळमानाने अडीच हजार किलोमीटर, फियॉर्ड धरले की पंचवीस हजारांच्या पुढे.

आता पाऊस. खरी गंमत इथे आहे, आणि ताईंच्या मुलाला समजून घ्यायचं आहे तेही इथेच.

बर्गनला वर्षाला सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस होतो. सांताक्रूझला २,२०० ते २,३००, कुलाब्याला थोडा कमी. म्हणजे मुलगा म्हणतो ते खरं, उलट बर्गन कांकणभर पुढेच. पण आपला पाऊस कधी पडतो? मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून, परतीची ऑक्टोबरचा पहिला आठवडा ओलांडून. या चार महिन्यांत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस उरकतो, एकट्या जुलैत आठशे मिलिमीटरच्या वर. डिसेंबर ते एप्रिल या पाच महिन्यांत मिळून जेमतेम सेंटिमीटरभर. बर्गनमध्ये सगळ्यात कोरडा महिना मे, आणि त्या "कोरड्या" महिन्यातही शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस असतो. सप्टेंबर ते जानेवारी सर्वांत ओला काळ. तिथे पावसाळा नावाचा ऋतूच नाही, कारण पाऊस बारमाही आहे.

पावसाचे दिवस मोजायला गेलात तर एक खाचखळगा आहे. आपलं हवामान खातं २.५ मिलिमीटर पाऊस झाला तरच तो दिवस पावसाचा धरतं. युरोपात एक मिलिमीटरला धरतात. त्यामुळे "मुंबईत ७५-८० दिवस, बर्गनमध्ये दोनशेहून जास्त" ही तुलना अगदी काटेकोर नाही, पण फरक एवढा मोठा आहे की मोजमाप बदलूनही निष्कर्ष बदलत नाही. ढोबळ भागाकार करा: मुंबईत पावसाच्या एका दिवशी सरासरी तीस मिलिमीटर, बर्गनमध्ये बारा. आपल्याकडे धो धो आणि मग उघडीप, तिकडे रिपरिप, वारा आणि पुन्हा रिपरिप. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस बर्गनमध्ये पाऊस सुरू झाला तो २००७ च्या जानेवारीपर्यंत सलग ८५ दिवस रोज पडत राहिला. मुंबईकराला पाण्याची सवय असते, पण ती चार महिन्यांची. ऑक्टोबर हीटला आपण शिव्या घालतो, तरी छत्री माळ्यावर टाकण्याचं सुख त्याच महिन्यात मिळतं. बर्गनमध्ये ते सुख नाही.

अतिवृष्टीची तुलना केली की पारडं उलटं फिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात बर्गनमध्ये एका दिवसात दीडशेच्या वर गेला, तर दरड कोसळून माणसं दगावली आणि त्या दिवसाची आठवण तिथे अजून काढली जाते. दीडशे मिलिमीटर मुंबईत कुठल्याही जुलैत होतात, लोकल अर्धा तास उशिरा धावतात आणि ऑफिसं चालू राहतात. शहर कशासाठी बांधलं आहे, यावर संकटाचा आकडा ठरतो.

आणि हो, २६ जुलैला कुलाब्यात किती पडला होता? ७४ मिलिमीटर. शहर एकच, अंतर पंचवीस किलोमीटर. म्हणून कोणी "मुंबईचा पाऊस" म्हणालं की मी विचारतो, कुठल्या केंद्राचा? कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची, तिच्या जुन्या नोंदी सोन्यासारख्या. तिथली चुंबकीय उपकरणं पुढे १९०४ मध्ये अलिबागला हलवली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांनी सुया हलल्या असत्या. बर्गनच्या नोंदी ज्या भागात होतात त्याचं नाव फ्लोरिडा आहे. इंटरनेटवर "फ्लोरिडा, बर्गन" असं वाचून कोणी अमेरिकेत जाऊ नये.

दोन्हीकडे एवढा पाऊस का, याचं उत्तर एकच आहे: समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा आणि वाटेत आडवा आलेला डोंगर. आपल्याकडे सह्याद्री, तिकडे स्कँडिनेव्हियाची पर्वतरांग. हवा वर चढते, थंड होते, पाणी सांडते. डोंगर ओलांडून खाली उतरते तेव्हा कोरडी झालेली असते. ही जोडी मला वर्गात शिकवायला फार आवडायची, कारण ठिकाणं अगदी जुळतात. मुंबई जशी बर्गन, तसं पुणे म्हणजे ओस्लो. पुण्याला वर्षाला सातशेच्या थोडा वर पाऊस, ओस्लोलाही आठशेच्या आसपास. महाबळेश्वरला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पडतो आणि तिथून पूर्वेला माण-खटावात शेतकरी टँकरची वाट बघतो. नॉर्वेतही किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर तीन-चार हजार मिलिमीटर आणि पलीकडे श्कोक नावाच्या खोऱ्यात वर्षाला तीनशेच्या आतबाहेर. तिथल्या शेतकऱ्यांनी पूर्वापार डोंगरातून लाकडी पाट काढून शेतं भिजवली. नॉर्वेत दुष्काळी तालुका असू शकतो यावर विद्यार्थ्यांचा विश्वास बसत नसे.

डोंगर ओलांडणारी रेल्वेही दोन्हीकडे. आपला बोर घाट १८६३ मध्ये खुला झाला, बर्गन-ओस्लो मार्ग १९०९ मध्ये. त्यावरचं फिन्से स्टेशन १,२२२ मीटरवर आहे, म्हणजे लोणावळ्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. सासूबाईंचं बर्फ हवं असेल तर ते इथे आहे, बर्गनमध्ये नाही. मुलाने हा प्रवास एकदा करावा. सात तास लागतात, आणि घाटमाथ्यावरून देशावर उतरताना जसं आभाळ बदलतं तसंच तिथेही बदलतं.

पाण्याचा उपयोगही डोंगराच्या उतारामुळे सारखाच सुचला. कोयनेचं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला सोडून आपण १,९६० मेगावॅट वीज करतो. नॉर्वे आपली बहुतेक सगळी वीज, साधारण नव्वद टक्के, पाण्यावरच काढतो. फरक साठवणुकीचा. मुंबईला चार महिन्यांत पडलेलं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा सात जलाशयांत भरून बाकीचे आठ महिने पुरवावं लागतं. म्हणून एवढा पाऊस पडूनही जूनमध्ये आपल्याकडे पाणीकपातीची बातमी येते.

वाऱ्याचं मूळ मात्र वेगळं आहे. आपला मान्सून जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर, हंगामाप्रमाणे दिशा बदलणाऱ्या वाऱ्यांवर चालतो. बर्गनकडे अटलांटिकवरून कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक येत राहतात, त्यांत गरम आणि थंड हवेच्या सीमा असतात. या सीमांचा सिद्धान्त बर्गनमध्येच मांडला गेला. व्हिल्हेल्म ब्येर्कनेस यांनी १९१७ मध्ये तिथे काम सुरू केलं. त्यांचा मुलगा याकोब याने पुढे १९६९ मध्ये पॅसिफिकवरच्या हवेच्या एका मोठ्या चक्राला वॉकर यांचं नाव दिलं. गिल्बर्ट वॉकर म्हणजे १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख, जे आपला मान्सून कधी दगा देतो हे शोधत होते. आज एल निनोच्या बातमीत आपण जे वाचतो, त्यात या दोन्ही पावसाळी मुलखांतल्या माणसांचं काम एकत्र आलेलं आहे.

तापमानाकडे येऊ. बर्गनचा जानेवारी सरासरी दोन अंशांच्या आसपास, जुलै पंधरा. बर्फ पडतं, पण सहसा फार दिवस टिकत नाही. याच अक्षांशावर ग्रीनलंडचं दक्षिण टोक आहे आणि रशियाचं मागादान, जिथे जानेवारीची सरासरी उणे पंधराच्याही खाली जाते. बर्गनला वाचवतो तो उत्तर अटलांटिकचा उबदार प्रवाह आणि त्यावरून येणारा नैऋत्येचा वारा. पण डोंगरापलीकडे ही ऊब पोचत नाही. ओस्लोचा जानेवारी शून्याखाली असतो, आणि उत्तरेतल्या कारास्योकला १ जानेवारी १८८६ रोजी उणे ५१.४ नोंदलं गेलं. तेव्हा बर्गनवाल्याने मोठा जाड कोट विकत घेण्याआधी तो कुठे घालायचा आहे हे ठरवावं. बर्गनमध्ये त्याला लागेल ते पाणी न शिरणारं जाकीट आणि चांगले बूट. छत्री तिथल्या वाऱ्यात उलटी होते. आणि ही खरेदी तिथेच करावी, इथल्या पावसाळी रेनकोटात हिवाळा निघत नाही.

मुंबईत उलट गोष्ट आहे. जानेवारी आणि मे यांच्या सरासरीत फक्त सहा अंशांचा फरक, चोवीस आणि तीस. पण जानेवारीच्या एकाच दिवसात सांताक्रूझला पहाटे सतरा आणि दुपारी एकतीस, म्हणजे चौदा अंशांचा. आपण वर्षभरापेक्षा दिवसभरात जास्त हवामान बघतो. बर्गनमध्ये हिवाळ्यात दिवस-रात्र तापमान फारसं हलतच नाही, कारण मुळात सूर्य फारसा येत नाही.

मला विचाराल तर पाऊस आणि थंडीपेक्षा याच गोष्टीची तयारी जास्त हवी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बर्गनमध्ये दिवस सहा तासांचा, तोही ढगाळ. जूनमध्ये एकोणीस तासांचा. मुंबईत सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा, म्हणून प्रकाश हा हवामानाचा भाग आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. मुलगा ऑगस्टमध्ये पोचेल, तेव्हा संध्याकाळी नऊपर्यंत उजेड बघून फोनवर खूश असेल. नोव्हेंबरात त्याचा आवाज उतरला तर लगेच नोकरीचं बिनसलं असं समजू नका. तिथले लोक त्या दिवसांत मुद्दाम दुपारी बाहेर पडतात, त्यानेही पडावं.

राहता राहिली माणसं. बर्गन महापालिकेचं क्षेत्र सुमारे ४६५ चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईचं साडेचारशेच्या आसपास. पुन्हा सारखंच! बर्गनची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी आत, मुंबईची २०११ ला १ कोटी २४ लाख. जवळजवळ बेचाळीस पट. बर्गनमधली पुष्कळशी जमीन डोंगर आणि जंगल आहे हे खरं, पण आपल्या हद्दीतही बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहेच. संपूर्ण नॉर्वे साडेपंचावन्न लाखांचा, ओस्लो सात लाखांच्या वर, म्हणजे कल्याण-डोंबिवलीहून बराच लहान. करोनाआधी आपल्या लोकलमध्ये रोज सत्तर लाखांहून जास्त प्रवासफेऱ्या होत, हे शेजारी ठेवून बघा.

राज्याशी तुलना केली तर २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख, दर चौरस किलोमीटरला ३६५. नॉर्वेत सतरा. यजमानांचं "माणूस दिसत नाही" इथे खरं ठरतं, विशेषतः उत्तरेत. फिनमार्क हा प्रदेश आपल्या अख्ख्या कोकण विभागाच्या दीडपटीहून मोठा आणि तिथे माणसं पाऊण लाख.

पण इथेच थांबलं तर चित्र अर्धवट राहतं. ही घनता कातळ, हिमनद्या आणि ओसाड पठारं धरून काढलेली आहे. नॉर्वेत शेतीखालची जमीन एकूण क्षेत्राच्या तीन टक्के, सुमारे ९,८०० चौरस किलोमीटर. महाराष्ट्रात निव्वळ पेरणीक्षेत्र १ लाख ७० हजारांच्या घरात, म्हणजे निम्म्याहून जास्त राज्य. शेतीच्या जमिनीवर माणसं वाटली, तर नॉर्वेत चौरस किलोमीटरला साडेपाचशेच्या वर पडतात आणि महाराष्ट्रात साडेसहाशे ते साडेसातशे. वीसपटीचा फरक सव्वापटीवर आला. नॉर्वे रिकामा आहे तो हौस म्हणून नव्हे, पोट भरण्याजोगी जमीनच तेवढी आहे. बाकीचं मासे, तेल आणि आयात यांनी भागवलं जातं. माणसंही त्या मोजक्या सपाट तुकड्यांवर आणि किनाऱ्यावर दाटीने राहतात. बर्गनमध्ये भाड्याचं घर शोधताना मुलाला हे कळेलच. अर्धा भारत रिकामा पडला आहे म्हणून घर स्वस्त मिळेल, या समजात त्याने जाऊ नये.

एक शेवटची सूचना यजमानांसाठी, कारण ते आकडे काढून वाद घालणारे दिसतात. महाराष्ट्राचा आजचा अंदाज साडेबारा कोटींच्या पुढचा आहे, पण तो अंदाज आहे. मोजलेला आकडा २०११ चाच. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. नॉर्वेत प्रत्येक रहिवाशाची नोंदवही असते, त्यावरून दर तिमाहीला नवा आकडा निघतो. म्हणून आपला २०११ चा आकडा वापरणार असाल तर त्यांचाही २०११ चाच घ्या, ४९ लाख. आपला अंदाज घेणार असाल तर त्यांचे साडेपंचावन्न लाख. दोन्ही रीतींनी आपण त्यांच्या बावीस-तेवीस पट येतो. जुना आकडा आपला आणि नवा त्यांचा घेतलात, तर उत्तर वीसवर येतं आणि महाराष्ट्रातली सव्वा-दीड कोटी माणसं हिशेबातून गळतात.